पहिला तास आपल्या गावाचा

(राजघाट, बुऱ्हाणपूर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. व्याख्यान नेमके या दोहोंच्या मध्ये ठेवण्याची कार्यकर्त्यांची युक्ती आमच्या लक्षात आली आहे. प्रसाद घेतल्याशिवाय कोणी उठणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा आम्हीही फार ताणणार नाही. लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणला, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तेव्हापासून आरतीइतकेच व्याख्यानही या उत्सवाचे अंग आहे. आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी असा आपला व्यवहार, पण व्याख्यानाची ही रीत आपण सोडली नाही, याचे कौतुक वाटते.

आजचा विषय डोक्याला बसणारा मार आणि त्यानंतरची धावपळ हा आहे. सणासुदीला असा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या देवापुढे आपण बसलो आहोत, त्याची कथाच मस्तक गमावण्याची आहे. त्याला दुसरे मस्तक मिळाले. तुम्हा-आम्हाला ती सोय नाही. एकच डोके, आणि तेच आयुष्यभर पुरवायचे.

समोरचा काठ

या घाटावरून पलीकडच्या काठावर नजर टाका. तिकडे जैनाबाद आहे, आहूखाना आहे. १७ जून १६३१ रोजी आपल्या याच गावात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. तिचा देह प्रथम पलीकडे जैनाबादला ठेवला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो आग्र्याला नेला. ताजमहालाची गोष्ट जग सांगते, तिची सुरुवात तापीकाठची आहे. प्रसूती फार लांबली होती. रक्तस्राव आटोक्यात न आल्याने मृत्यू आला असावा, असे आजच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. बादशहाकडे सत्ता होती, खजिना होता, हकीम हाताशी होते. रक्त थांबवणारे औषध मात्र त्या काळी जगात कोणाकडेच नव्हते.

आज ते औषध आहे आणि ते महागही नाही. त्याच्याविषयी पुढे सांगू. ही आठवण काढण्याचे कारण एवढेच, की १६३१ साली या गावात ज्ञान कमी पडले. आज डोक्याला मार लागलेला आपला माणूस जातो, तेव्हा पुष्कळदा ज्ञान कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. आणि तो वेळ कोठे जातो, हे आपण सगळे जाणतो. तो रस्त्यावर जातो, घोळक्यात जातो, कोठे न्यायचे या वादात जातो.

मार दोनदा बसतो

मेंदूला मार दोनदा बसतो, असे आम्ही वैद्यकातले लोक म्हणतो. पहिला मार डोके दगडावर, पायरीवर किंवा डांबरावर आदळते त्या क्षणाचा. त्यात जे तुटले ते तुटले. जगातला कोणताही न्यूरोसर्जन तो क्षण परत आणू शकत नाही. त्याच्यावर उपाय एकच, तो मार बसूच न देणे.

दुसरा मार त्यानंतरच्या काही मिनिटांत आणि तासांत बसतो. मेंदू सुजतो. कवटी हाडाची आहे, ती फुगत नाही. आत रक्त साठले की मेंदूवर दाब येतो. त्यातच श्वास नीट चालत नसेल तर प्राणवायू कमी पडतो. अंगावर दुसरी जखम असेल तर रक्त वाहून रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्तच पोचत नाही. अमेरिकेत १९९३ साली गंभीर मेंदूइजेच्या ७१७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रक्तदाबाचा वरचा आकडा ९० च्या खाली गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. आदळण्यातून वाचलेला माणूस नंतरच्या हयगयीतून जातो, हे त्या आकड्याने दाखवले.

हा दुसरा मार अडवता येतो, आणि त्यासाठी सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. श्वासाची वाट मोकळी ठेवणे, प्राणवायू देणे, रक्त थांबवणे, रक्तदाब टिकवणे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात अ‍ॅम्ब्युलन्समधल्या कर्मचाऱ्यांना एवढेच शिकवून पाहिले. प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही, रक्तदाब उतरू द्यायचा नाही आणि घाबरून फुगा भराभर दाबत जास्तीचा श्वास द्यायचा नाही. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळे रुग्ण एकत्र धरले तर मोठा फरक दिसला नाही. पण मेंदूला गंभीर इजा झालेल्यांमध्ये वाचण्याची शक्यता दुपटीने वाढली. त्यात नवे यंत्र नव्हते की नवी शस्त्रक्रिया नव्हती.

शीवच्या रुग्णालयातले काम

आता आपल्या देशातले उदाहरण पाहू. मुंबईत शीवला लोकमान्य टिळकांच्याच नावाचे महापालिकेचे रुग्णालय आहे. लोक त्याला सायन हॉस्पिटल म्हणतात. महामार्ग आणि लोकलचे रूळ जवळ असल्याने रस्त्यावरचे आणि रेल्वेचे जखमी तेथे रात्रंदिवस येतात. डॉ. सतीश धारप यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी तेथे रुग्ण तर सांभाळलेच, शिवाय त्यांच्या नोंदीही सांभाळल्या. मुंबईतच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयात काम करणारे डॉ. नोभोजित रॉय यांनी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक मोठा उपक्रम हाती घेतला. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या चार सरकारी व महापालिका रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळात आलेल्या सुमारे सोळा हजार जखमींची पद्धतशीर नोंद झाली. नाडी किती, रक्तदाब किती, श्वास किती, शुद्ध किती, मार कधी लागला, कोठून आणले आणि पुढे काय झाले, हे सगळे त्यात होते.

नोंदवही ठेवण्यात काय मोठेसे, असे वाटेल. पण आपल्याकडे जखमी गेला की घरचे 'नशीब' म्हणतात, डॉक्टर 'फार मार होता' म्हणतात आणि विषय संपतो. आकडे मांडल्यावर तो संपत नाही. या नोंदींवरून दिसले, की दाखल झालेल्या दर पाच जखमींमागे एकाहून थोडे अधिक तीस दिवसांत रुग्णालयातच दगावत होते. पुष्कळ जण थेट आलेले नव्हते, दुसऱ्या रुग्णालयाने पुढे पाठवलेले होते. शिवाय हेही दिसले, की कोण अधिक धोक्यात आहे हे ओळखायला भारी तपासण्या लागत नाहीत. रक्तदाब, नाडी आणि शुद्ध एवढ्यावरून बरेच कळते.

एक आशेची गोष्टही याच कामातून पुढे आली. शीवच्या रुग्णालयातल्या १९९८, २००२ आणि २०११ या तीन वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर जखमींचे सुरुवातीच्या तासांतले मृत्यू लक्षणीय घटलेले दिसले. गर्दीच्या, तुटपुंज्या साधनांच्या सार्वजनिक रुग्णालयातही सुधारणा होते, याचा हा लेखी पुरावा आहे.

शुद्ध मोजण्याची रीतही आपण समजून घेऊ. १९७४ साली ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ती घालून दिली. डोळे उघडतो का, याला चारपर्यंत गुण. बोलतो का आणि काय बोलतो, याला पाचपर्यंत. हातपाय कसे हलवतो, याला सहापर्यंत. पंधरापैकी पंधरा म्हणजे पूर्ण शुद्ध. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. तुम्ही गुण मोजत बसू नका. पण डॉक्टरांना फोनवर 'बेशुद्ध आहे' एवढेच न सांगता 'हाक मारली की डोळे उघडतो, पण असंबद्ध बोलतो' असे सांगितलेत, तर पुढची तयारी त्यांना आधीच करता येते.

दोन औषधांची गोष्ट

डोक्याला मार लागला की स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यायचे, सूज उतरते, असे जगभर तीस वर्षांहून अधिक काळ चालले. पटण्यासारखे होते, म्हणून कोणी शंका घेतली नाही. मग 'क्रॅश' नावाची चाचणी झाली. दहा हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. २००४ साली निकाल आला. स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के पहिल्या दोन आठवड्यांत दगावले आणि न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे औषधाने नुकसान होत होते. असे संशोधन झाले नसते, तर आम्ही डॉक्टर मंडळी चांगल्या हेतूने आजही तेच देत राहिलो असतो.

दुसरे औषध म्हणजे सुरुवातीला सांगितलेले रक्त थांबवणारे, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. जपानच्या उताको ओकामोटो या संशोधक बाईंनी आपल्या पतीसह ते १९६२ साली पुढे आणले. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने स्त्रिया मरू नयेत, ही त्यांची तळमळ होती. २०१० साली ४० देशांतल्या २०,२११ जखमींवरच्या चाचणीत या औषधाने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले. २०१७ साली बाळंतपणातल्या रक्तस्रावाबाबतही त्याचा उपयोग दिसला. २०१९ साली खास मेंदूइजेच्या १२,७३७ रुग्णांवरचा निकाल आला. तो मात्र नीट ऐका. सगळ्यांनाच लाभ झाला असे त्यात दिसले नाही. इजा फार गंभीर होती त्यांना स्पष्ट फायदा नव्हता. सौम्य आणि मध्यम इजा झालेल्यांना तीन तासांच्या आत औषध मिळाले तर मृत्यू कमी झाले, आणि जितके लवकर मिळाले तितका लाभ अधिक. अंगावरच्या इतर रक्तस्रावात तर तीन तासांनंतर ते दिल्यास अपाय होऊ शकतो, असेही दिसले आहे. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आपण लक्षात ठेवायचा तो तीन तासांचा आकडा.

आपल्या गावाचा हिशेब

आता हा आकडा बुऱ्हाणपूरच्या नकाशावर ठेवून पाहू. इंदूर सुमारे १८० किलोमीटर. जळगाव शंभराच्या आसपास. मोठा अपघात झाला की 'सरळ इंदूरला काढा' किंवा 'जळगावला न्या' असे कोणीतरी म्हणते, आणि ते आपुलकीनेच म्हणते. मग गाडी शोधायची, पैसे गोळा करायचे, नातेवाइकांना फोन करायचे. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर लागेपर्यंतच पहिला तास संपलेला असतो. उरलेले दोन तास माणूस मोटारीच्या मागच्या सीटवर मान वाकवून पडलेला असतो. श्वासाला अडथळा, प्राणवायू नाही, रक्तदाब कोणी पाहत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोचतो तोवर दुसरा मार पुरता बसलेला असतो.

म्हणून आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यायचे असेल तर हे न्या. शस्त्रक्रिया इंदूरची असेल किंवा जळगावची असेल, पहिला तास आपल्या गावाचा आहे. आधी जवळच्या रुग्णालयात श्वास, प्राणवायू आणि रक्तदाब सावरून घ्यायचा, योग्य असेल तर औषध सुरू करून घ्यायचे. त्याच वेळी पुढच्या रुग्णालयात न्यूरोसर्जन आहे का, सीटी स्कॅन सुरू आहे का, जागा आहे का, हे फोनवर विचारायचे. मग अ‍ॅम्ब्युलन्समधून, प्राणवायूसह पुढे न्यायचे. मात्र जवळच्या रुग्णालयात विनाकारण रेंगाळायचेही नाही. सावरणे आणि पाठवणे, दोन्ही एकाच वेळी चालू हवे.

आपल्या कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण घ्या. चारशे वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुंडीमागून कुंडी असे गावापर्यंत आणले. त्यात एकही कुंडी बुजली तर पुढच्या सगळ्या कोरड्या पडणार. जखमीची वाटही अशीच आहे. रस्त्यावरचा माणूस, अ‍ॅम्ब्युलन्स, जवळचे रुग्णालय, मोठे रुग्णालय. शेवटची कुंडी कितीही मोठी बांधली तरी पहिली बुजलेली असेल तर उपयोग नाही. आणि पहिली कुंडी आपण आहोत.

नेमके काय करायचे

समजा, विसर्जनाच्या गर्दीत याच ओल्या पायऱ्यांवरून कोणी घसरले आणि डोके आपटले. पहिले काम, घोळका मागे सारायचा आणि १०८ ला फोन करायचा. मध्य प्रदेशात आणि पलीकडे महाराष्ट्रात, दोन्हीकडे हाच क्रमांक आहे. माणसाला हातपाय धरून उचलायचे नाही. डोक्याला मार आहे म्हणजे मानेलाही असू शकतो, असे धरून चालायचे. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवायची. ओकारी होत असेल तर तिघा-चौघांनी मिळून सगळे अंग एकदम कुशीवर वळवायचे, म्हणजे ओकारी श्वासनळीत जाणार नाही. डोक्याची जखम वाहत असेल तर हळद भरत बसण्यापेक्षा स्वच्छ फडके दाबून धरायचे. हाड दबलेले वाटले तर तेथे जोर द्यायचा नाही, कडेने दाबायचे. हेल्मेट घातलेले असेल आणि श्वास चालू असेल तर ते ओढून काढायचे नाही.

आणि पाणी पाजायचे नाही. आपल्याकडे पडलेल्याला पहिल्यांदा पाणी देतात. त्यामागची माया कळते, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते पाणी जाते. झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही.

दुसरा प्रसंग अधिक फसवा आहे. मुलगा गाडीवरून पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, कपडे झटकतो, घरी येऊन चहा पितो आणि 'काही झाले नाही' म्हणून झोपतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त हळूहळू साठत असेल तर काही तास माणूस अगदी ठीक दिसतो. म्हणून क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल तरी डॉक्टरांना दाखवायचे, आणि चोवीस तास त्याला एकटे सोडायचे नाही. पुन्हा पुन्हा ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, न आवरणारी गुंगी, असंबद्ध बोलणे, एक बाहुली मोठी दिसणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, झटका. यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहायची नाही.

ज्येष्ठांसाठी दोन शब्द. न्हाणीघरात घसरून डोके टेकले, टेंगूळ आले, उतरले, आणि तीन आठवड्यांनी आजोबांची चाल बदलली, विसर वाढला. 'वय झाले' असे म्हणून आपण सोडून देतो. मेंदूभोवती हळूहळू साठलेले रक्त हे त्याचे कारण असू शकते, आणि वेळेवर ओळखले तर त्यावर चांगला इलाज होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ मारसुद्धा डॉक्टरांना सांगायचा.

पहिला मारच नको

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट नसलेले पन्नास हजारांहून अधिक होते, आणि या पन्नास हजारांत चौदा हजारांवर मागे बसलेले होते. मागच्या सीटवर कोण बसते? बहुधा घरातली बाई, आई, मुलगी. पुढच्याने हेल्मेट घालायचे आणि मागे बसणारीने पदर सावरायचा, ही आपल्या घराघरातली रीत आहे. ती बदलली पाहिजे. हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्र आढाव्यातून दिसले आहे. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर ती नुसती टोपी ठरते.

पोलिसांचे काय?

रस्त्यावर पडलेल्याला पाहून पाय थबकतो, तो दगडाच्या काळजामुळे नव्हे. 'पोलीस विचारतील, साक्षीला खेटे घालावे लागतील' ही धास्ती असते. ती आता बाळगू नका. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ सालापासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळण्याची योजना देशभर लागू आहे. पैसे गोळा करण्यासाठी थांबण्याचे कारणही त्यामुळे कमी झाले.

मंडळापुढे तीन गोष्टी ठेवून आम्ही बोलणे संपवतो. पहिली, विसर्जनाच्या दिवशी या घाटावर प्रथमोपचार शिकलेले दहा-बारा कार्यकर्ते आणि एक स्ट्रेचर असावे. शिकवायला आम्ही येऊ, वेळ तुम्ही ठरवा. दुसरी, १०८ हा क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि इंदूर-जळगावच्या न्यूरोसर्जरी विभागांचे क्रमांक एका कागदावर छापून घरोघर जावेत. तो कागद देवघराशेजारी किंवा फ्रिजवर लावा, कपाटात नको. तिसरी, मंडळाच्या वर्गणीला किंवा बैठकीला गाडीवरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर आणि मागे बसणाऱ्याच्याही डोक्यावर हेल्मेट असावे. नसेल तर पावती फाडू नये, असे म्हणण्याची हिंमत आमची नाही. खजिनदारांनी विचार करावा.

बुद्धीच्या देवतेपुढे बसून बुद्धी जेथे राहते ती जागा सांभाळण्याविषयी आपण बोललो.  आता प्रसाद घ्यावा, आणि पायऱ्या उतरताना ज्येष्ठांचा हात धरावा.

गणपती बाप्पा मोरया!